वरातीमागून

कुमुदआत्या रिटायर झाली त्याच आठवड्यात
जेवताना म्हणाली, मला एक घोडं बघ.
आमटीची वाटी माझ्या ओठाशीच थांबली.
म्हटलं, माथेरानला जाऊ ना, तिथं तासावर मिळतं.
तासावर नको, म्हणाली.
छत्तीस वर्षं तासावरच होते.

खडकीच्या फॅक्टरीत, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत,
काडतुसांची खोकी मोजलेली बाई.
डाव्या गुडघ्याची वाटी गेल्या वर्षी बदललेली.

मग आमचे रविवार सुरू झाले.
माझी जुनी स्कूटर, मागे आत्या,
तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत गूळ.

वानवडीला रेसमधून काढलेला एक पाहिला.
तांबूस, सहा वर्षांचा, कातडीखाली सारखं काहीतरी पळत होतं.
आत्या त्याच्याकडे बघत होती,
तो तिच्या खांद्यावरून पलीकडे.
याला अजून कुठंतरी पोचायचंय, ती म्हणाली. चल.

फुरसुंगीला पंचकल्याणी.
मालकानं एकेक भोवरा दाखवला,
पत्रिकेतले ग्रह दाखवावेत तसा,
आणि कंठाखालचं देवमण दोनदा.
मग मला विचारलं, बसणार कोण, तुम्ही?
मी आत्याकडे बोट केलं. तो हसला,
हसता हसता पाच हजारांनी चढला.
स्थळ चांगलं होतं, आत्या स्कूटरवर बसताना म्हणाली,
माणसं बरी नाहीत.

लोणीकंदच्या तट्टानं गूळ खाल्ला, पिशवीचा बंदही खाल्ला.

घरी बाबा पेपरच्या आडून म्हणाले,
वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.
आणि पेपर बराच वेळ उलटला नाही.

कारण या घरात आणखी एक शब्द होता.
मी पाच-सहा वर्षांचा, आत्या तिशीला टेकलेली,
आणि स्वयंपाकघरात कुणीतरी हळू आवाजात म्हणालं: घोडनवरी.
मला वाटलं, घोड्यावर बसून एक नवरी येणार आहे.
दोन संध्याकाळी मी दारात बसून वाट पाहिली.
दुसऱ्या संध्याकाळी आत्यालाच विचारलं, कधी येणार ती?
तिनं माझं नाक पुसलं. म्हणाली, येईल की.

मुंढव्याला नदीच्या अंगाला रज्जाकभाईंचा तबेला.
कोपऱ्यात एक पांढरी घोडी,
एक मागचा पाय सैल सोडून उभी.
नाव रेवडी, वय एकोणीस.
हजारावर नवरदेव वाहिले हिनं, रज्जाकभाई म्हणाले,
एकही पाडला नाही. दोघं आपणहून पडले.
आता बँड सोसत नाही तिला.
दात बघून घ्या, ही काही धर्माची गाय नव्हे.

आत्यानं दात पाहिले नाहीत.
कपाळावर, जिथं वर्षानुवर्षं मोहरा बांधत,
तिथले केस झिजून गुळगुळीत झाले होते.
त्या जागेवर तिनं अंगठा ठेवला,
आणि खूप वेळ काढला नाही.

डॉक्टर तारळेकर खूर तपासून म्हणाले,
चालेल. धावणार मात्र नाही.
धावायचंय कुणाला, आत्या म्हणाली, आणि फंडाचं पाकीट काढलं.

पाण्याच्या ड्रमवर चढून बसली ती,
एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं रज्जाकभाई,
साडीखाली सलवार, डोक्यावर माझं हेल्मेट.
वर पोचल्यावर काहीच बोलली नाही.
फक्त खाली आमच्याकडे बघितलं,
जसं गॅलरीतून बघतात.

आता रोज सकाळी सहाला निघतात दोघी.
अडचण एकच,
वाटेत मंगल कार्यालय आलं की रेवडी थांबते.
फाटकासमोर, बरोबर मधोमध,
मान खाली घालून वाट बघते, वरचं ओझं उतरण्याची.
आत्या उतरत नाही. टाचही मारत नाही.
तिला काय घाई?

परवा मंडप काढणारी पोरं चहा पीत होती.
वॉचमन म्हणाला, मावशी, उशीर केलात, लग्न कालच लागलं.
असू दे, आत्या म्हणाली, आम्हाला पुढं जायचंय.
आणि मग घोडीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली,
ते मला ऐकू आलं नाही.

मी मागे होतो ना, पहिल्या गिअरमध्ये,
हँडलला एक पिशवी गुळाची,
आणि वॉचमननं फाटकासमोरून उचलायला लावलेल्या
लिदीची दुसरी.